टाकीवरची मूळ संख्या

पासो मालाकारात सगळं दोन-दोन आहे. दोन बेकऱ्या, दोन न्हावी, फुटबॉलचे दोन क्लब, आणि मेल्यावर न्यायला गाड्याही दोन. एक पांढऱ्या पक्षवाल्यांची, एक तांबड्यांची. पांढऱ्या माणसाने तांबड्याच्या बेकरीतला पाव खाल्ला तर त्याच्या पोटात दुखतं, निदान तो तसं सांगत सुटतो. चर्च तेवढं एक आहे, कारण दुसरा पाद्री द्यायला बिशपने साफ नकार दिला. तिथेही डावीकडचे बाक कोणाचे आणि उजवीकडचे कोणाचे हे देवाला सोडून सगळ्यांना ठाऊक आहे.

अशा गावात लेओविहिल्दो उम्पिएरेस मास्तरांना जन्मात एकच गोष्ट अशी सापडली होती की जिचे दोन तुकडे होत नाहीत. ती म्हणजे ३१०१९०९ ही संख्या.

मास्तर अडतीस वर्षं त्याच शाळेत भागाकार शिकवत होते. शाळा सरकारी, म्हणून एकच. गावातला प्रत्येक ट्रकवाला त्यांच्या हाताखालून निदान एकदा नापास होऊन गेलेला, आणि रस्त्यात मास्तर दिसले की आजही आपोआप हात पाठीमागे बांधायचा. काखेत गरम पाण्याचा थर्मास, हातात माते नावाच्या कडू चहाचं भोपळ्याचं भांडं, आणि तोंडात कोणाची तरी चूक, असे ते चौकातून चालत. पाद्रीबुवांनी प्रवचनात "हजारो देवदूत" म्हटलं की पुढच्या बाकावरून "नक्की किती?" असा आवाज यायचा.

उम्पिएरेसांच्या घरातही पक्ष दोन होते. बाप पांढरा, आई तांबडी, आणि त्या दोघांनी भांडण नको म्हणून मुलं वाटून घेतली. थोरला लेओ बापाला गेला, धाकटा मिल्टन आईला. थोरला मास्तर झाला, धाकटा खाटीक. तरी दोघा भावांचं विळ्याभोपळ्याचं कधी नव्हतं. उलट इतकं मेतकूट होतं की गावाला ते जरा अश्लील वाटायचं.

एकोणीसशे एकोणसाठ साली गावाला पन्नास वर्षं पुरी व्हायची होती आणि साजरं करण्यासारखं काही म्हणजे काही नव्हतं. पासो मालाकारात लढाई झालेली नाही, कोणी थोर पुरुष जन्मलेला नाही. शेजारच्या गावात निदान एक सेनापती पोट बिघडून तीन दिवस राहिला होता, त्याचा त्यांनी पुतळा केला. मास्तरांनी मग गावाच्या जन्मतारखेलाच हात घातला. तीन ऑक्टोबर एकोणीसशे नऊ. दिवस, महिना, साल सलग लिहिलं की ३१०१९०९. दोनने भाग जाईना, पाचने जाईना. अंकांची बेरीज तेवीस, म्हणजे तीनचा प्रश्न मिटला. सातने सहा उरले, तेराने पाच, सतराने चार. मास्तरांच्या अंगातच आलं. गावाचा आकडा मूळ संख्या आहे! एक आणि तो स्वतः सोडला तर त्याला कशानेही भाग जात नाही! दोन बेकऱ्यांच्या गावाला याहून मोठा चमत्कार काय दाखवणार?

पण असं वाटून चालत नाही, सिद्ध करावं लागतं. संख्येचे दोन तुकडे पडायचेच असतील तर त्यातला एक तरी सतराशे एकसष्टच्या आत असायलाच हवा, कारण दोन्ही त्याहून मोठे असले तर गुणाकार हाताबाहेर जातो. म्हणजे सतराशे एकसष्टपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं. त्या अडीचशेच्या वर भरतात. लहान लहान मास्तरांनी स्वतः उरकल्या आणि मोठ्या त्या हिवाळ्यात चौघांत वाटल्या, ज्याने त्याने घरी बसून करायच्या. एकावर संपणाऱ्या संख्या औषधवाल्याला, तीनवर संपणाऱ्या पोस्टमास्तरांना, नऊवर संपणाऱ्या स्वतःला. सातवर संपणाऱ्या मिल्टनला दिल्या, कारण भागाकारात त्याचा हात लहानपणापासून स्वच्छ होता आणि त्याचं काम मास्तर कधी तपासत नसत.

"सातवर संपणाऱ्या?" मिल्टनने मान खाजवली. "लेओ, त्यात सत्तेचाळीस येतात."

आता किनिएलाच्या सोडतीत शेवटचे दोन आकडे लागतात, म्हणून तिकडे शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंत सगळ्यांना नावं आहेत. बावीस म्हणजे वेडा, चौदा म्हणजे दारुडा, सत्तेचाळीस म्हणजे मढं. पासो मालाकारात पाढे न येणारा माणूस मिळेल, ही नावं न येणारा मिळायचा नाही.

"तू खाटीक आहेस," मास्तर म्हणाले. "रोज सकाळी मढ्यानेच दुकान उघडतोस."

"ते खरं. पण सतरासुद्धा येतात."

"मग?"

"सतरा म्हणजे अरिष्ट, लेओ."

"सतराने मी कालच भागलं. बाकी चार उरली. मेलो का मी? किनिएला म्हणजे गणिताचा तमाशा आहे, आणि माझा सख्खा भाऊ त्यात पुढच्या रांगेत बसतो. चल, लिहून घे."

मिल्टनने निमूट लिहून घेतलं. महिन्याभराने शाळेत येऊन त्याने सांगितलं, "सातवर संपणाऱ्या झाल्या. एकानेही जात नाही." बाकीच्या तिघांचंही तेच उत्तर आलं. मास्तरांनी शाळेची घंटा वाजवली. मुलांना वाटलं सुट्टी झाली, आणि ती पळून गेली.

संख्या पाण्याच्या टाकीवर रंगवायचं ठरलं, आणि इथे माशी शिंकली. रंग कोणता? पांढरे म्हणाले पांढरा, तांबडे म्हणाले तांबडा. शेवटी तोड निघाली: डावीकडचे तीन अंक पांढरे, उजवीकडचे तीन तांबडे. पण अंक सात. मधला एक कोणाचा? त्या एकावरून पासो मालाकारात जेवढा विचार झाला तेवढा पुढे राज्यघटनेवरही झाला नाही. टाकीखाली अर्धा गाव जमलेला, मिल्टन शिडीवर ब्रश घेऊन उभा, आणि खाली मास्तर.

"संख्या मी शोधली! एक पांढराच होणार!"

"पाव भागाकार माझे आहेत," मिल्टन वरून म्हणाला.

"तुझे? तुझ्या गोठ्याचं छप्पर अर्धं, कुंपण अर्धं, आता हा रंग अर्धा. तुझ्या हातून काही पुरं होतच नाही, मिल्टन!"

लोक खो खो हसले. मिल्टन शिडीवरून उतरला, ब्रश डब्यावर आडवा ठेवला आणि घरी निघून गेला. नंतर तो थोरल्या भावाशी बोलला नाही. पुढच्याच महिन्यात त्याला नि त्याच्या बायकोला, देल्मिराला, मुलगी झाली, नायर तिचं नाव. बारशाला मास्तरांना बोलावणं आलं नाही. एका अंकाच्या रंगावरून माणूस इतका ताणतो, म्हणजे तांबड्यांची जातच तशी, असं मास्तरांनी मनाशी पक्कं केलं. मधला एक कोरा राहिला. महामार्गावरून जाणाऱ्यांना टाकीवर नुसतेच ३१० आणि ९०९ दिसायचे. कोणाचा तरी टेलिफोन नंबर असावा, असं त्यांना वाटायचं.

तीस वर्षं गेली. नायर त्याच शाळेत मास्तरांच्या वर्गात शिकली, तिसऱ्या बाकावर बसून चारचौघांसारखं "मास्तर, मास्तर" म्हणाली आणि पास झाली. तिच्या वहीवर मास्तर बरोबर-चूक तेवढं करायचे, शेरा लिहायचे नाहीत. मास्तरांची बायको ओफेलिया मांस दोन गल्ल्या पलीकडच्या पांढऱ्या खाटकाकडून आणायची. ते चामड्यासारखं असायचं. मास्तर ते तीस वर्षं तत्त्व म्हणून चावत राहिले.

एकोणीसशे एकोणनव्वदला गावाची ऐंशी वर्षं भरत होती. पुढच्या महिन्यात निवडणूक, त्यामुळे गावात एकमेकांना शिव्या देण्याचा हंगाम भरात होता. तरी दोन्ही पक्षांच्या समित्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं, आणि ते पाहून दोन्ही समित्या घाबरल्या. चौकात सिमेंटचा एक ठोकळा उभा करायचा, त्यावर ३१०१९०९ आणि खाली "अविभाज्य". ठोकळा सिमेंटच्याच रंगाचा. आणि मग सगळ्या गावाचं एका विस्तवावर भाजलेल्या मांसाचं जेवण. एक विस्तव! असलं काही त्या गावात कधी झालं नव्हतं.

मास्तरांना ठोकळ्याचं कौतुक होतंच, ते दिवसभर त्याच्याभोवती घिरट्या घालत. पण मनात वेगळंच होतं, आणि ते फक्त ओफेलियाला कळत होतं. विस्तव एक म्हणजे भाजणाराही एक, आणि मिल्टनइतकं चांगलं भाजणारा दुसरा कोणी नव्हता. भाजणारा प्रत्येकाच्या ताटात स्वतः मांस वाढतो. ताटात वाढताना माणूस काहीतरी बोलतोच. "अजून घे" म्हणतो, "हाड देऊ का" म्हणतो. मास्तर अडुसष्ट वर्षांचे झाले होते आणि "हाड देऊ का" एवढ्या तीन शब्दांची वाट बघत होते.

निवृत्तीच्या वेळी शाळेने त्यांना गणकयंत्र भेट दिलं होतं. ते त्यांनी अपमान समजून कपाटात टाकलं होतं. आता भाषणात चार बाक्या ठणकावून सांगाव्यात म्हणून त्यांनी ते बाहेर काढलं. समारंभाच्या आदल्या दिवशी, दुपारी सगळा गाव झोपलेला असताना, ते स्वयंपाकघरात बसून एकेका मूळ संख्येने भागत होते आणि दशांश चिन्हापुढचं शेपूट बघून खूश होत होते. एक हजार एकशे सतराने भागलं. उत्तर आलं दोन हजार सातशे सत्त्याहत्तर. शेपूट नाही.

त्यांनी यंत्र झटकलं. पुन्हा भागलं. मग यंत्र बाजूला सारून कागदावर भागलं, कारण यंत्रं तांबड्या सरकारच्या काळात आयात झालेली. निःशेष! मास्तर खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले.

"ओफेलिया," त्यांनी हाक मारली. "जातो."

"कुठे जातोस या उन्हात?"

"भाग जातो! अकराशे सतराने! सातवर संपणाऱ्या कोणाकडे होत्या?"

ओफेलियाने भांडं खाली ठेवलं. "म्हाताऱ्या, गप्प बस. उद्या ठोकळ्यावरचं फडकं ओढ, दोन शब्द बोल आणि मांस खा. ही संख्या कोण भागायला बसलंय? गावात भागाकार येणारी माणसं आता तू आणि तो एवढीच उरलीत, आणि तुम्ही दोघं बोलत नाही."

"त्याने मुद्दाम केलं! तीस वर्षं तो दुकानात बसून मला हसत असणार!"

"आणि तुला उद्या त्याच्या हातचं खायचंय, हे मला माहीत आहे. म्हणून म्हणते, गप्प बस."

मास्तर गप्प बसायचं ठरवून झोपले, आणि गप्प बसायचं ठरवूनच दुसऱ्या दिवशी चौकात गेले. मधोमध विस्तव पेटला होता. त्याच्यापाशी मिल्टन पांढरा अप्रन बांधून, केसही आता पांढरेच, बरगड्या उलटत होता. पांढरे आणि तांबडे एकाच लांब टेबलाला बसले होते आणि कोपर लागू नये म्हणून अंग चोरत होते. गावच्या सभापतींनी मास्तरांना फडकं ओढायला लावलं. "ज्यांनी आयुष्यात एकही चूक उत्तर फळ्यावर राहू दिलं नाही," ते म्हणाले, "ते आपले मास्तर!"

इथे घात झाला. समोर सिमेंटमध्ये हातभर अक्षरांत चूक उत्तर उभं, आणि अडतीस वर्षांची सवय. मास्तरांनी तोंड उघडलं ते आभार मानायला, पण बाहेर पडलं वेगळंच.

"चूक आहे," मास्तर म्हणाले. "एक हजार एकशे सतरा गुणिले दोन हजार सातशे सत्त्याहत्तर. करून बघा. अर्थात तुमच्यापैकी कोणाला येणार नाही, तुम्हाला मीच शिकवलंय." मग नजर विस्तवाकडे गेली, आणि तीस वर्षांचं चामडं एकदम घशाशी आलं. "सातवर संपणाऱ्या संख्या माझ्या बंधुराजांकडे होत्या. गाय कापून वाटतात, पण तंगडी मोजायची विसरतात!"

जो गोंधळ झाला त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही, दर निवडणुकीला तोच होतो. पांढरे ओरडले की हा तांबड्यांचा तीस वर्षांपूर्वीचा कट आहे. तांबडे ओरडले की पांढऱ्यांना मोजता येत नाही हे मतपेट्यांत कधीच दिसलंय. तेवढ्यात पांढऱ्या न्हाव्याच्या डोक्यात उजेड पडला.

"थांबा! तुकडे दोन, आणि पक्षही दोन! एक तुमचा, एक आमचा!"

गावाच्या जिवात जीव आला. इतका वेळ सगळे एका टेबलावर अवघडून बसले होते, ते हसले, एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. दोन ठोकळे! दोन विस्तव! कोणीतरी लागलीच टेबल मधोमध वेगळं करायला घेतलं. पण कोणता तुकडा कोणाचा, हे विचारायचं राहिलं होतं. दोन हजार सातशे सत्त्याहत्तरच्या शेवटी सत्त्याहत्तर, आणि किनिएलात सत्त्याहत्तर म्हणजे बाईच्या तंगड्या. दुसऱ्याच्या शेवटी सतरा.

"तंगड्या आमच्या!" तांबडा न्हावी म्हणाला.

"वा रे वा! आणि अरिष्ट आम्ही घरी न्यायचं? निवडणूक महिन्यावर आलीय!"

"मास्तर तुमचे, चूक तुमची, अरिष्टही तुम्हीच घ्या!"

"चुकला तो तुमचा खाटीक!"

बाह्या सरसावल्या. मास्तर ठोकळ्यापाशी एकटे उभे होते. आपण विस्तवाकडे पाहायचं नाही असं ठरवून ते विस्तवाकडेच बघत होते, म्हणून मिल्टन सुरी हातात घेऊन येताना त्यांनाच आधी दिसला. मग बाकीच्यांना दिसला, आणि सुरीमुळे पटकन शांतता झाली.

"अकराशे सतरा मला द्या," मिल्टन म्हणाला. "ते माझंच आहे."

मिल्टन मास्तरांसमोर येऊन उभा राहिला.

"मी ते चुकलो नाही, लेओ. मी ते भागलंच नाही. त्या हिवाळ्यात देल्मिराला सहावा महिना होता. आधीची दोन गेली होती. तुला ठाऊक आहे, दोन्ही वेळा पेटी तूच उचलली होतीस. आणि मी माझ्या स्वयंपाकघरात, तिच्यासमोर, टेबलावर अरिष्ट मांडून बसू? तीनशे सतरा, सहाशे सतरा, अकराशे सतरा, बाराशे सतरा. चौघांना दाराबाहेर ठेवलं आणि तुला येऊन सांगितलं, जात नाही. बाकीच्या सगळ्या केल्या. मढीसुद्धा केली."

"मला सांगायचंस," मास्तर कसेबसे म्हणाले.

"सांगितलं होतं. तू म्हणालास, तमाशा." मिल्टनने सुरी अप्रनला पुसली. "मग टाकीखाली, सगळ्या गावासमोर, देल्मिरा आठव्या महिन्यात तिथे उभी असताना म्हणालास, तुझ्या हातून काही पुरं होत नाही."

मास्तरांना टाकी आठवली, शिडी आठवली, लोकांचं हसणं आठवलं. देल्मिरा तिथे होती हे त्यांना आठवेना. त्यांनी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं.

"मी छपराबद्दल बोलत होतो, मिल्टन. रंगाबद्दल."

"असशील."

"तीस वर्षं मला वाटत होतं, तू रंगावरून..."

"रंगावरून कोण तीस वर्षं धरतं?" मिल्टन म्हणाला. पासो मालाकारात हा प्रश्न उघड्यावर विचारणं जरा धाडसाचंच होतं. दोन्ही न्हावी खाली बघू लागले.

मास्तरांनी खिशातून गणकयंत्र काढलं, उगाच हातात फिरवलं, परत खिशात ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना समोरच्याची चूक सापडत नव्हती.

"अर्धं मला दे," ते म्हणाले.

"काय?"

"अकराशे सतरा. ते तुझ्या घरी मीच पाठवलं होतं. अर्धं माझं."

मिल्टनने डोळे बारीक केले. लहानपणी भागाकार कठीण असला की तो असाच बघायचा. "पण ते भागलं जातं का, लेओ?"

मास्तर तोंडातल्या तोंडात पुटपुटले. तीन, सात, अकरा, तेरा. एकतीसपर्यंत पाहिलं की पुरे होतं.

"सतरा धरलास?"

"सतराने बारा उरतात." मास्तरांनी बोटांवर पुन्हा मोजलं. "नाही भागलं जात, मिल्टन. कशानेच नाही. दोघांनी मिळून अख्खंच घ्यावं लागेल."

मागे टेबल फरफटल्याचा आवाज झाला. गावाने आपला दुसरा विस्तव पेटवला होता, आणि तंगड्या कोणाच्या यावर नाणं उडवायचं ठरत होतं. फक्त नाणं कोणाच्या खिशातलं यावर अडलं होतं. मिल्टनने पहिल्या विस्तवावरची बरगडी कापली, ताटात ठेवली आणि मास्तरांपुढे धरली.

"हाड देऊ का?" त्याने विचारलं.

मास्तरांनी ताट घेतलं. मग मान डोलावली. नायर सॅलडचं भांडं घेऊन शेजारी येऊन उभी राहिली होती, तीस वर्षांची, बापासारखे बारीक डोळे करून मास्तरांकडे बघत.

"काका," ती म्हणाली, "मीठ देऊ?"